थंडी हेच कारण असेल तर

२ डिसेंबर, सोमवार

एक्स्चेंज जाणार म्हणे.

जिन्यात सांगितलं. माझ्या हातात केराचा डबा, तिच्या हातात दुधाची पिशवी. ही काय असलं सांगायची जागा? म्हणाली, "धाकट्या बहिणीकडे जाऊन राहावं म्हणतेय. कायमचंच. तिकडे समुद्र आहे, हवा उबदार. इथली थंडी आता गुडघ्यांना सोसत नाही गं." मी म्हटलं, जा की, मी कोण अडवणारी. आणि डब्याचं झाकण लावलं. जरा जोरात लागलं.

आधी हॉस्पिटलात, मी मेट्रन आणि ती टेलिफोनच्या बोर्डवर, म्हणून सगळ्यांची एक्स्चेंज. रिटायर झाल्यावर या बिल्डिंगमध्ये, मी दुसऱ्या मजल्यावर आणि ती माझ्या डोक्यावर. चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात तिने मला विचारल्याशिवाय एक निर्णय घेतलेला नाही. तिच्या घरचे पडदेसुद्धा मी निवडलेत.

मला काही फरक पडत नाही. पद्धत चुकली, एवढंच.

झोपण्यापूर्वी रोज आपल्या चुका लिहून काढाव्यात असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या. ती सवय अजून आहे. माझ्या हातून चूक झालेली नसते त्या दिवशी दुसऱ्यांच्या लिहिते. आजचा दिवस तसाच.

३ डिसेंबर

शांत डोक्याने विचार केला. आधी निदान, मग उपचार. पेशंटची तक्रार : थंडी. थंडी घालवली की तक्रार संपली. तक्रार संपली की जायचं कारण संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं सामान काय बांधतात!

हीटर चालणार नाही. मागच्या वर्षी दिला होता, तर डोळे कोरडे पडतात म्हणून परत आणून ठेवला. मी विणलेले मोजे टोचतात. गरम पाण्याच्या पिशवीची भीती वाटते. बाहेरून ऊब देण्याचे सगळे मार्ग बंद आहेत.

आतून दिली पाहिजे.

४ डिसेंबर

भाच्याला फोन केला. तो एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळतो. माझी बहीण अजून लोकांना "हॉटेल मॅनेजमेंटमध्ये आहे" एवढंच सांगते. त्याला म्हटलं, थंडीवर अंगात ऊब आणणारं काहीतरी सांग, वयस्कर बाईंसाठी. तो म्हणाला, "मावशी, तुझ्यासाठी?" मी म्हटलं, एका पेशंटसाठी. तो म्हणाला, "मग गरम कॉकटेल्स कर. आमच्याकडे हिवाळ्यात लोक त्यावरच जगतात."

मी जन्मात दारूला शिवलेले नाही. पण वॉर्डात आम्ही जखमेला स्पिरिट लावायचोच की. तेच आतून लावायचं.

चार प्रकार सांगितले. व्हिस्की, मध, लिंबू आणि गरम पाणी. रेड वाइन, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. रम आणि लोणी. अंडं, दूध आणि रम. शेवटी म्हणाला, "आणि हे बघ, दारूला उकळी येऊ द्यायची नाही. फक्त गरम." आजकालच्या पोरांना प्रत्येक गोष्टीत घाई.

५ डिसेंबर

दारूच्या दुकानात गेले. दिवसाउजेडी, मान ताठ ठेवून. काउंटरवरचा म्हणाला, "आजी, कोणासाठी?" मी म्हटलं, गुडघ्यांसाठी. तो म्हणाला, "चोळायला की प्यायला?" मागे उभे असलेले सगळे हसले. मी त्याला त्याच्या नखांतली घाण दाखवली. मग कोणी हसलं नाही.

एक व्हिस्की, एक रम, दोन वाइन. पिशवीत वरून कोबी ठेवला. लिफ्टमध्ये बिल्डिंगचे सेक्रेटरी. पिशवी किणकिणली. ते कोबीकडे बघत राहिले. मी म्हटलं, टॉनिक आहे. खोटं बोलले असं मला वाटत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

पहिला प्रयोग. संपूर्ण यशस्वी.

व्हिस्की औषधाच्या मापाने मोजून पाण्यात घातली आणि वीस मिनिटं खळखळून उकळली. भाच्याचं काय जातंय फक्त गरम कर म्हणायला! बाटली कोणत्या गोदामातून आली, कोणाकोणाचे हात लागले, त्याला काय माहीत? माझ्या हाताखाली सिरिंज असो की चमचा, वीस मिनिटं उकळल्याशिवाय पेशंटजवळ गेला नाही. मग लिंबू, मध.

एक्स्चेंजने एक घोट घेतला. म्हणाली, "छान आहे. लिंबाचं गरम पाणी." मी म्हटलं, हळूहळू घे, चढेल. तिने हळूहळू घेतलं.

आणि चढली! मला तर लगेच कळलं. कान गरम, जीभ सैल. मी तिला चार नंबर वॉर्डातल्या त्या जुळ्या भावांची सगळी हकिगत सांगितली, एकाचं ऑपरेशन दुसऱ्यावर होता होता मी कसं थांबवलं ती. तिने आधी ऐकलेली आहे, पण इतक्या बारकाव्यांनिशी नाही. जेवायची वेळ टळून गेली तरी ती बसून होती. मधे एकदा म्हणाली, "मला आज डॉक्टरांनी—" मी म्हटलं, डॉक्टरांचं नाव काढू नकोस, आणि मग डॉक्टरांचं सांगितलं.

दारूने माणूस किती मोकळा होतो! लोक उगाच नावं ठेवतात.

दर शनिवारी करायचं ठरवलं.

८ डिसेंबर

सेक्रेटरी दारात. म्हणाले, काल संध्याकाळी सगळ्या जिन्यात दारूचा वास होता, आपल्या बिल्डिंगमध्ये कोण प्यायला लागलंय याची काही कल्पना? मी म्हटलं, चौथ्या मजल्यावरच्या मुलांकडे लक्ष ठेवा. ते म्हणाले, "वास तुमच्या मजल्यावर जास्त होता." मी म्हटलं, वास नेहमी खाली उतरतो. कॉन्व्हेंटमध्ये सायन्स चांगलं शिकवायचे.

१४ डिसेंबर, शनिवार

वाइन. उकळून निम्मी झाली. रंग सुंदर, चव आंबट काढ्यासारखी. एक्स्चेंज म्हणाली, "घशाला बरं आहे." म्हणजे उपचार लागू पडतोय.

मधेच तिच्या धाकटीचा फोन. एक्स्चेंज जोरजोरात ओरडून बोलत होती, कारण धाकटीला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तिला हवं तेवढंच येतं. सगळी वाक्यं दोनदा. "खोली? खोली! हो, खिडकी आहे ना? खि-ड-की!" फोन ठेवल्यावर मी म्हटलं, असल्या बाईबरोबर तू दिवस कसे काढणार? घसा बसेल. शिवाय समुद्राच्या हवेने सगळं गंजतं. गुडघे धरून.

ती म्हणाली, "मला वाटतं—" मी म्हटलं, की चुकलंच, असंच ना? तिचं वाक्य बरेचदा मीच पुरं करते. नवराबायकोतही एवढं जमत नाही. तिचा नवरा गेल्यापासून तर तिला बोलायची तसदी मी जवळजवळ पडूच दिलेली नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

रम आणि लोणी. लोणी वर तरंगलं आणि गार होताच त्याची वडी बसली. एक्स्चेंज कपात बघत म्हणाली, "मेट्रनबाई, हे प्यायचं की गुडघ्यावर बांधायचं?" हसताहसता डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या. असं हसून किती दिवस झाले होते. मी म्हटलं, बघ, चढली.

महत्त्वाचं : तिने शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. स्वतःहून. थंडी गेली. म्हणजे ती जात नाही.

परत जाताना शाल माझ्याकडेच विसरली. विसरली म्हणजे उद्या येणार. उद्या येणार म्हणजे राहणार.

२२ डिसेंबर

शाल न्यायला आली. दोन मिनिटंच थांबली.

इस्त्रीवाल्याला आणि खालच्या केमिस्टला सांगून टाकलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई राहताहेत, जाण्याचं रद्द. केमिस्ट म्हणाला, "असं? काल तर त्यांनी सहा महिन्यांची औषधं एकदम बांधून मागितली." मी म्हटलं, दूरदृष्टी आहे तिची.

२४ डिसेंबर

एक्स्चेंजच्या दाराबाहेर रिकाम्या खोक्यांची चळत. विचारलं नाही. वर्षअखेरीची साफसफाई करत असणार. खोकी फार हलक्या प्रतीची आहेत, कपबश्या नक्की फुटतील. म्हणजे साफसफाईत.

२८ डिसेंबर, शनिवार

आजचं लिहावं की नाही, विचार करत होते. लिहिते. रोजनिशीशी खोटं बोलून काय करायचं.

अंड्याचा प्रकार करायला घेतला. वीस मिनिटांत पातेल्यात गोड ऑम्लेट तयार झालं, भोवती पिवळं पाणी. ते ओतून दिलं आणि उरलेली वाइन उकळून प्यायलो. मी जरा रागातच होते. अंड्यांवर. मग बोलता बोलता धाकटीवर गेले. मग खोक्यांवर.

एक्स्चेंजने कप खाली ठेवला. बशीत, आवाज न करता. म्हणाली, "एक सांगू का? थांब, मधे बोलू नकोस. थंडीचं काही नाही गं. थंडी आवडते मला. मी दमलेय. तीस वर्षं बोर्डवर जगाचं ऐकलं. घरी आले की नवऱ्याचं. तो गेल्यापासून तुझं. तू वाईट नाहीस. माझ्या आजारपणात तू केलंस तेवढं कोणी केलं नाही. पण तू मला शेवटचं कधी विचारलंस, की बाई गं, तुला काय वाटतं? धाकटीला ऐकू येत नाही ना, म्हणून ती सारखी विचारते, काय म्हणालीस? अगं, काय म्हणालीस? मला ते बरं वाटतं. कुणीतरी मला 'काय म्हणालीस' विचारतंय."

मग उठली. कप धुतले, पुसले, कपाटात दांड्या एका बाजूला करून लावले, आणि वर गेली.

दारू बोलत होती. दुसरं काय. वाइन फार चढली आज.

२९ डिसेंबर

तिच्यावर राग नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाचं मनाला लावून घ्यायचं नसतं. भूल उतरताना पेशंट काय काय बोलतात! एकाने मला 'आई' म्हटलं होतं आणि दुसऱ्याने जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दोघांनाही मी दुसऱ्या दिवशी त्याच चमच्याने पेज भरवली.

सकाळी ती ब्रेड घेऊन आली. मी विचारलं, डोकं दुखतंय का? नाही म्हणाली. मळमळ? नाही. कालचं काही आठवतंय? म्हणाली, "सगळं." मी म्हटलं, असं वाटतं माणसाला. आणि ब्रेडच्या किमतीवर आले.

पक्की निघाली. एवढी पिऊन सकाळी डोकंसुद्धा दुखत नाही.

१ जानेवारी

नव्या वर्षाचे संकल्प :

तिचा डोस अर्धा करायचा. जास्त झाली की भलतंच बोलते.

अंडं पुन्हा नाही.

धाकटीला नावं ठेवायची नाहीत. निदान तिच्या तोंडावर.

संध्याकाळी एक्स्चेंज म्हणाली, १९ तारखेचं तिकीट काढलंय. रविवार. मी म्हटलं, तिकिटं रद्द करता येतात. ती म्हणाली, "येतात." आणि पुढे काही बोलली नाही. म्हणजे विचार चालू आहे.

४ जानेवारी, शनिवार

अर्धा डोस. तिने पाच घोटांत संपवला. गप्प होती. फारच कमी झाला बहुतेक.

६ जानेवारी

भाच्याचा फोन. म्हणाला, "काय मावशी, पेशंट कसा आहे?" मी म्हटलं, फार भडाभडा बोलतो, दारू थोडी हलकी करायची काही युक्ती आहे का? कशी करतेस म्हणाला. सांगितलं. वीस मिनिटं उकळून.

मग इतका हसला की मला वाटलं त्याला झटका आला. म्हणाला, "अगं, दारू पाण्याच्या आधी उडून जाते! वीस मिनिटांत काय राहणार? तुमच्या जिन्याने प्यायली ती सगळी. तुम्ही सरबत प्यायलात, सरबत!" मागे कुणालातरी हाक मारून सांगायलाही लागला. मी फोन ठेवला.

त्याला काय कळतं? मला चढलेली मला माहीत नाही?

७ जानेवारी, दुपार

प्रयोग केल्याशिवाय दोषी ठरवू नये. भाच्याच्या पद्धतीने एक ग्लास केला. पाणी गरम, व्हिस्की वरून, तशीच, बाटलीतून. मध, लिंबू.

पहिला घोट. घशाला चटका. यात विशेष काय.

दुसरा.

अर्धा ग्लास. हे वेगळं आहे.

पूर्ण. गुडघे माझे नाहीत. कोणाचे ते माहीत नाही. पेन सरळ चालत नाही पण मी सरळ आहे. खिडकीतलं झाड छान आहे, त्याला कोणी कधी सांगितलं नसेल. कपाटापर्यंत गेले, कप परत ठेवायला, दांडी कुठल्या बाजूला करायची ते आठवेना. कप पडला.

तिच्या हातून नव्हता पडला. तिने दोन्ही धुतले. पुसले. दांड्या एका बाजूला. जिना चढताना कठड्याला हातही लावला नाही, मी दारात उभी होते.

म्हणजे ती पूर्ण शुद्धीवर होती. आणि मीही, एवढे सगळे शनिवार.

८ जानेवारी

डोकं. लिहिणार नव्हते.

ठीक आहे. समजा, शुद्धीवर बोलली. पण मग मला सांगा, चाळीस वर्षं हिच्या तोंडाला कुणी पट्टी बांधली होती का? "अगं, गप्प बस" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? वॉर्डात मला सर्जन म्हणायचे, आया म्हणायच्या, एकदा तर स्ट्रेचरवरचा माणूस म्हणाला. मी बसायचे गप्प. थोडा वेळ. शहाण्याला शब्दाचा मार, पण शब्द टाकायला तरी हवा ना! ही आपली ऐकत राहिली, मान डोलवत राहिली, आणि मी समजत राहिले की हिला आवडतंय.

मला वाटायचं तिला आवडतंय.

११ जानेवारी, शनिवार

आली नाही. सामान बांधतेय म्हणे. वरून सेलोटेप ओढल्याचा आवाज येत होता. टेप फार वाया घालवते.

१३ जानेवारी

नवा उपाय. थंडी नाहीच ना कारण, तर निदान चुकलं होतं. निदान बदललं की उपचार बदलतो. १८ च्या शनिवारी शेवटची संध्याकाळ, म्हणजे तिच्या मते शेवटची. मी बोलणार नाही. विचारणार आणि ऐकणार. एका संध्याकाळीत चाळीस वर्षं भरून निघत नाहीत हे मला कळतं, पण तिकीट रद्द करण्यापुरती भरून निघतील.

गप्प बसण्याचा सराव आज प्लंबरवर केला. बेसिनखाली वाकलेला होता. मी खुर्चीवर बसले, तोंड मिटून. तो म्हणाला, "बाई, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, बरी आहे, आणि तो पाना उलटा धरलायस. तिथून पुढे सराव राहिला.

१५ जानेवारी

आरशासमोर "तुला काय वाटतं?" म्हणून पाहिलं. जमत नाही. माझ्या तोंडून "कसं वाटतंय?" असंच निघतं, आणि पाठोपाठ आपोआप "जेवण गेलं का? पोट साफ झालं का?" राउंड घेतल्यासारखं.

कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाची बक्षिसं असायची. मला दरवर्षी मिळायचं. ऐकण्याचं बक्षीस नव्हतं कोणालाच.

१७ जानेवारी

उद्या रम आणि लोणी करायचं. त्याला ती हसली होती. उकळायचं नाही. सांगायचं एकच वाक्य आहे. जाऊ नकोस. दोन शब्द. उगाच आधी प्रस्तावना करायची नाही.

१८ जानेवारी, शनिवार

लोणी विरघळलं. वडी बसली नाही. भाचा म्हणतो ते बरोबर होतं एकंदरीत.

आली. दमलेली, केसांत धूळ. मी कप दिला आणि विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "बरं वाटतंय." पुढे मी काही बोलले नाही. ती पण नाही. आम्ही दोघी कपात बघत बसलो. ती शांतता मला कधीची वाटली, तर कोणीतरी गेल्यावर वॉर्डात पडदे ओढतात तेव्हाची. मला ती सहन होत नाही. कधीच झालेली नाही. म्हणून मी म्हटलं, खोक्यांना आडव्या दोऱ्या बांधल्यास का?

तिथून सुटले. दोऱ्या, कुलपं, गाडीत खालचाच बर्थ घे, अनोळखी माणसाकडून काही खाऊ नकोस, धाकटीला कानाचं यंत्र बसवून घ्यायला लाव. ती एकदा म्हणाली, "ऐक ना, मला तुला एक—" मी म्हटलं, आधी पिऊन घे, गार होतंय. तिने प्यायलं. आणखी एकदा तोंड उघडलं. मी दुसरा कप भरला.

मग मला माझंच ऐकू आलं. थांबले. म्हटलं, बोल, काय म्हणत होतीस?

एक्स्चेंज खुर्चीत झोपली होती. दिवसभराचं सामान उचलणं, वर आयुष्यात पहिल्यांदा पोटात गेलेली खरी दारू.

अंगावर शाल घातली. तेव्हा म्हटलं, जाऊ नकोस. पुन्हा एकदा म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं होतं. पण झोपलेल्या पेशंटला उठवायचं नाही, हा नियम मीच लावलेला आहे.

तासाभराने जागी झाली. मला म्हणाली, "काही म्हणत होतीस का?" मी म्हटलं, नाही गं, मी कशाला.

१९ जानेवारी, रविवार

टॅक्सी आली. ड्रायव्हरने कपबश्यांचं खोकं उलटं ठेवलं. वर बाण काढलेला होता, मीच काढला होता, लाल पेनने. त्याला बाण म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. सांगून वळते तो एक्स्चेंज आत बसलेली, काच वर, दार लावलेलं. इंजिन चालू.

काचेतून काहीतरी म्हणाली. बरंच लांब होतं. मी हो हो म्हणून मान हलवली, हात हलवला. टॅक्सी गेली.

काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

२३ जानेवारी

सगळं व्यवस्थित चालू आहे. वेळच वेळ आहे. कपाटं लावली. पुन्हा लावली.

सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "हल्ली जिन्यात वास येत नाही. तब्येत बरी आहे ना?" त्यांना उरलेली रम देऊन टाकली. टॉनिक म्हणून. फार खूश झाले.

वरच्या मजल्यावर आवाज नाही. असून उपयोग काय, तिचा आवाज असा कधी यायचाच नाही.

२८ जानेवारी

तिचा फोन आलेला नाही. मीही करणार नाही. ती गेली आहे, ती करेल. धाकटीकडचा नंबर मी चुकून एकदा फिरवला. धाकटीने उचलला. मी एक्स्चेंजला दे म्हटलं. ती म्हणाली, "काय म्हणालीस?" मी ठेवून दिला.

२ फेब्रुवारी, रविवार

एक्स्चेंजचा फोन आला.

सांगायच्या गोष्टी तयार होत्या. सेक्रेटरींची, भाच्याची, तिच्या फ्लॅटमध्ये बघायला आलेल्या जोडप्याची, त्यांना पडदे आवडले नाहीत त्याची. ती म्हणाली, "मी बोलतेय." मी तोंड उघडलं आणि घशातून शब्द फुटेना. सर्दी असणार. नाक बंद, डोळ्यांतून पाणी. आठवडाभर अंगात आहेच.

तर तीच बोलत राहिली. खोलीला खिडकी आहे पण समुद्र दिसत नाही, मोटार दुरुस्तीचं दुकान दिसतं. धाकटी टीव्ही इतका मोठा लावते की शेजारी बातम्या ऐकायला स्वतःचा लावत नाहीत. वारा सुटला की इथल्यापेक्षाही गार वाटतं, शाल ओढून बसते. गुडघे आहेत तसेच. डिसेंबरात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला होता, तो तिकडे काढला, काही निघालं नाही. मला सांगणार होती, राहून गेलं म्हणाली. लहानपणी तिला पोहायला शिकायचं होतं आणि वडिलांनी फक्त भावाला शिकवलं, हे मला माहीत नव्हतं. आता सकाळी पाण्यात पावलं बुडवून उभी राहते. एवढं सांगून स्वतःशीच हसली.

अधूनमधून विचारायची, "आहेस ना?" मी हं म्हणायचे. हं तेवढं निघत होतं.

शेवटी म्हणाली, "किती छान गप्पा झाल्या गं आज आपल्या. इतक्या वर्षांत अशा झाल्या नव्हत्या."

परत कधी येशील, ते विचारायचं होतं. आवाज आला तोवर तिने फोन ठेवला होता.